डाव, निर्णय आणि संयम

मनुष्याच्या चारित्र्याची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु मोठे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात, आणि सरकारी नोकराच्या आयुष्यात तर त्याहूनही थोडे. मग उरलेल्या दिवसांत हे चारित्र्य काय करीत असते? ते झोपी गेलेले असते, की लहानसहान गोष्टींत आपले काम मुकाट्याने करीत असते? मला दुसरा पक्ष खरा वाटतो. म्हणूनच करमणुकीसाठी खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या एका खेळाच्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचा विचार येथे मांडावयाचा आहे. प्रश्न असा: ज्या खेळात दैवाचा वाटा मोठा आहे, त्या खेळात जो मनुष्य एकाग्रता आणि शिस्त राखतो, त्याची ती शिस्त सद्गुण मानावी काय? की व्यसनालाच चढवलेली ती एक सुबक झिलई आहे?

आपल्या परंपरेचे उत्तर सकृद्दर्शनी कठोर आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. पत्नी दुरावलेली, सासू द्वेष करणारी, आणि तरीही फाशांचा आवाज ऐकताच पाय तिकडेच वळणारे. शेवटी त्याला फासे सोडून शेती करण्याचा उपदेश मिळतो. महाभारतातील द्यूतसभेबद्दल तर सांगावयासच नको. मराठी घरांत याच परंपरेचा एक साधा अवशेष आढळतो. आपण पत्ते ‘खेळतो’ हे खरे, पण शेजारचा मनुष्य पत्ते ‘कुटतो’! या एका क्रियापदात वडीलधाऱ्यांची सगळी नापसंती सामावलेली आहे. आणि तरीही याच घरांतून मे महिन्याच्या सुटीत मेंढीकोट आणि लाडीस यांचे डाव दुपारभर रंगत आले, आणि याच महाराष्ट्रातील सावंतवाडीने गंजिफांच्या गोल पानांवर दशावतार रंगवून पत्त्यांना कलेच्या पंक्तीस बसवले. दहा अवतारांची बारा-बारा, अशी एकशेवीस पाने! तात्पर्य, आपला समाज पत्त्यांना भीत आला आणि त्यांच्यावर प्रेमही करीत आला.

मी कलकत्त्यात नोकरीस आहे. येथील सरकारी वसाहतीत शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो. त्यांत दोन मराठी, दोन बंगाली, एक ओडिया आणि एक तमिळ, असा हा लहानसा भारत आहे. बंगाली मित्रांचा जीव ‘ट्वेंटी-नाइन’वर, आमचा रमीवर, अखेर कोणाचाच नसलेला असा जो खेळ तडजोड म्हणून पुढे आला तो पोकर. पश्चिम बंगालच्या १९५७ सालच्या जुगारविषयक कायद्याने ब्रिज, रमी आणि नॅप यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळलेले आहे, ही गोष्ट आमच्यातील नियमप्रिय मंडळींनी आधीच शोधून ठेवली होती. तरीही आम्ही पैसे लावीत नाही. गावाकडून आणलेले चिंचोके प्रत्येकी शंभर वाटून घ्यावयाचे, आणि रात्री नऊ वाजता जो हिशेब होईल तो एका वहीत लिहून ठेवावयाचा, एवढाच आमचा व्यवहार. ती वही आता चौथ्या वर्षात आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पोकर हा मूळचा अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात तो रूढ झाला आणि मिसिसिपी नदीतील आगबोटींबरोबर वर पसरत गेला. प्रथम तो वीस पानांचा होता. पुढे बावन्न पानांचा झाला. त्याचे अनेक प्रकार आहेत. सध्या सर्वत्र प्रचलित असलेल्या टेक्सासच्या प्रकारात प्रत्येकास दोन पाने गुप्त मिळतात, आणि मध्यभागी पाच पाने सर्वांसाठी उघडी पडतात: प्रथम तीन, मग एक, मग एक. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत श्रेष्ठ जुळतील त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर खेळाडूने ठरवावयाचे असते, की पुढे जाण्यासाठी आणखी चिंचोके घालावेत, की पाने टाकून बाजूस व्हावे. मिळालेली पाने हे दैव, आणि घालावे की टाकावे हा निर्णय. खेळाची सगळी गोडी, आणि माझ्या मते सगळे नीतिशास्त्रही, या दोहोंच्या सीमारेषेवर आहे.

एक उदाहरण घेऊ. माझ्या हातात इस्पिकची दोन पाने आहेत, एक्का आणि दुसरे एखादे. मध्यभागी चार पाने उघडली आहेत, त्यांत इस्पिकची दोन. पाचवे पानही इस्पिकचे निघाले तर डाव माझा, नाही तर समोरच्याचा, असे समजू. मला न दिसलेली पाने सेहेचाळीस. त्यांत इस्पिकची नऊ. म्हणजे सेहेचाळीस वेळा हा प्रसंग आला तर सरासरीने नऊ वेळा मी जिंकेन आणि सदतीस वेळा हरेन. आता मध्ये शंभर चिंचोके साठलेले आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने आणखी पन्नास घातले. मला पन्नास घालून दीडशे मिळवावयाचे आहेत. नऊ वेळा दीडशे म्हणजे साडेतेराशे; सदतीस वेळा पन्नास म्हणजे साडेअठराशे. व्यवहार तोट्याचा. पाने टाकावीत हे उत्तर. पण प्रतिस्पर्ध्याने पन्नासाऐवजी वीसच घातले असते तर? नऊ वेळा एकशेवीस म्हणजे एक हजार ऐंशी. सदतीस वेळा वीस म्हणजे सातशे चाळीस. आता व्यवहार फायद्याचा. पान तेच, शक्यता तीच, आणि उत्तर मात्र नेमके उलटे.

हे गणित शाळकरी मुलालाही यावे इतके सोपे आहे. कठीण असते ते त्याच्या पुढचे. समजा, पन्नासांची मागणी आली असता मी शहाणपणाने पाने टाकली, आणि पाचवे पान इस्पिकचेच निघाले. समोरचा दीडशे चिंचोके ओढून घेतो आहे आणि ते पान मध्यभागी पडून माझ्याकडे पाहत आहे. या क्षणी मनात जो आवाज उठतो तो म्हणतो, ‘चुकलास!’ हा आवाज खोटा आहे. निर्णय बरोबर होता. फळ तेवढे प्रतिकूल आले. उलट, ज्याने भलत्या किमतीला पुढे जाऊन नेमके ते पान मिळवले, त्याचा निर्णय चुकीचा होता आणि फळ अनुकूल आले. निर्णयाचा चांगलेपणा आणि फळाचा चांगलेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सत्य आपण गीतेच्या अध्ययनात मान डोलावून मान्य करतो. परंतु ते प्रत्यक्ष पचवावयाचे म्हणजे काय, हे चिंचोके ढकलले जात असताना कळते. दोन एक्के हे या खेळातील सर्वश्रेष्ठ हात. सरासरीने दोनशे एकवीस वेळांतून एकदा ते मिळतात. समोर दोन राजे असले आणि दोघेही अखेरपर्यंत गेले, तरी एक्क्यांचा धनी सुमारे पाचांतून एकदा हरतोच. ज्याला हे पाचवे हरणे शांतपणे सोसत नाही, त्याने हा खेळ खेळू नये. आणि असा मनुष्य आयुष्याच्या खेळातही सुखी होणे कठीण.

आपणा कारकुनांना हा भेद खरे तर अधिक सहज समजावयास हवा. फाइलीवर टिपण लिहिण्याची जी पद्धत आहे तिचे मर्म हेच आहे. त्या दिवशी कोणती माहिती समोर होती, कोणता नियम लागू होता, कोणते पर्याय होते आणि कोणत्या कारणास्तव कोणता सुचवला, हे सारे फळ दिसण्यापूर्वी लिहून ठेवावयाचे. तीन वर्षांनी लेखापरीक्षणाची हरकत येते तेव्हा फळ सर्वांना दिसत असते, आणि ते दिसू लागले की पूर्वीचे अंधुक रस्ते दिव्यांनी उजळल्यासारखे वाटू लागतात. ‘हे आधीच कसे लक्षात आले नाही?’ असा प्रश्न विचारणे तेव्हा फार सोपे असते. प्रामाणिक टिपण हेच त्या प्रश्नाचे एकमेव उत्तर. आमच्या चिंचोक्यांच्या वहीतही एका मित्राने हीच पद्धत आणली. मोठा डाव झाला की तो जिंकला वा हरला हे नंतर लिहितो. आधी लिहितो की पुढे का गेलो अथवा पाने का टाकली. त्याच्या नोंदी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. फळ लिहिणाऱ्या वहीतून मनुष्य केवळ स्वतःचे दैव वाचतो. कारणे लिहिणाऱ्या वहीतून तो स्वतःला वाचू लागतो.

याच संदर्भात पोकरच्या टेबलावरील एका मोहाविषयी लिहिणे अवश्य आहे. पाने टाकून डाव संपला, की हरलेल्याला वाटते, गड्डीतील पुढचे पान उलटून पाहावे. ‘थांबलो असतो तर काय आले असते?’ त्या पाहण्याने काहीही बदलत नाही. पुढे कोणते पान होते हा त्या निर्णयाविषयीचा पुरावाच नव्हे, कारण निर्णयाच्या क्षणी ते कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही हात गड्डीकडे जातो. अनेक ठिकाणी या पाहण्यास बंदी असते, आणि आमच्या टेबलावरही ती आहे.

बृहन्महाराष्ट्रातील आपणा नोकरदारांना ही गोष्ट पत्त्यांपुरती वाटणार नाही. आपल्यातील कितीजण आयुष्यभर गड्डीतील ते न उलटलेले पान उलटून पाहत बसलेले असतात! त्या वर्षी पुण्याची शाळेतली नोकरी धरली असती तर. बदली नाकारून पदोन्नती सोडली असती तर. आईच्या अखेरच्या वर्षांत गावाजवळ असतो तर. या प्रश्नांतील वेदना खरी आहे, आणि तिला हसण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण ज्या क्षणी हा निर्णय झाला त्या क्षणी हातात कोणती पाने होती? घरातील धाकट्यांची शिक्षणे होती, डोक्यावर कर्ज होते, परीक्षेचा निकाल हातात होता, आणि वय वाढत होते. त्या पानांवर घेतलेला निर्णय योग्य असेल, तर नंतर आलेले दुःख हे दुःखच आहे, अपराध नव्हे. दुःख आणि अपराध यांची गल्लत न होऊ देणे, हा मला या खेळाने दिलेला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. बेफिकिरीने घेतलेला एखादा निर्णय नशिबाने फळला, तर त्या फळाच्या आडोशास बसून स्वतःस शहाणे म्हणवून घेण्याचा अधिकारही आपणास नाही.

आता शिस्तीच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. पोकरमध्ये ‘टिल्ट’ नावाचा एक शब्द आहे. तो पिनबॉलच्या यंत्रावरून आला असे मानतात. गोळी मनाजोगी जाईना म्हणून खेळणाऱ्याने यंत्रालाच हिसका दिला, की यंत्र ‘टिल्ट’ असा दिवा लावून बंद पडते. पत्त्यांत हे यंत्र म्हणजे मनुष्याचे मन. एक मोठा डाव अन्यायाने गेला असे वाटताच खेळाडूचा तोल जातो, आणि गेलेले एका दमात परत मिळवण्यासाठी तो एरवी ज्या पानांकडे ढुंकूनही पाहिले नसते त्यांवर सर्वस्व लावू लागतो. त्याचे गणित नष्ट झालेले नसते. विचारले तर नऊ आणि सदतीस हे आकडे तो अचूक सांगेल. नष्ट झालेली असते ती त्या गणिताला मान देण्याची वृत्ती.

ज्ञान असणे म्हणजे संयम असणे नव्हे, याचे उत्तम उदाहरण सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे आहे. फाशांच्या शक्यतांचा शास्त्रशुद्ध विचार करणारा ग्रंथ लिहिणाऱ्यांत तो अग्रणी. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. पण हाच विद्वान आयुष्याची कित्येक वर्षे जुगारात घालवून बसला, आणि आत्मचरित्रात त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. केवळ सदाचार असणे म्हणजेही संयम असणे नव्हे, याचे उदाहरण आपल्याच घरी आहे. युधिष्ठिराला धर्मराज म्हणतात ते उगीच नव्हे. आणि तरीही त्याच्या द्यूताचा विचार करताना पहिल्या सभेपेक्षा दुसरी सभा मला अधिक विचारार्ह वाटते. पहिल्या वेळी शकुनीचे कपट होते, आमंत्रण नाकारणे क्षत्रियास कमीपणाचे होते, असे पुष्कळ समर्थन करता येईल. पण द्रौपदीस मिळालेल्या वरांनी पांडव मुक्त झाले, धृतराष्ट्राने राज्य परत दिले, मंडळी इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागली, आणि मागून बोलावणे येताच धर्मराज पुन्हा फाशांपुढे येऊन बसला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास यांचे मूळ या दुसऱ्या बसण्यात आहे. त्याच्याजवळ सत्य होते, क्षमा होती. नव्हती ती एकच गोष्ट: सभेत प्रवेश करण्यापूर्वी स्वतःशी ठरवलेली मर्यादा.

शिस्तीचे रहस्य मला येथे सापडते. मोहाच्या क्षणी मोहाशी झगडणारी इच्छाशक्ती ही शिस्तीची शेवटची तटबंदी होय, पहिली नव्हे. पहिली तटबंदी आधीच बांधावी लागते. आमच्या टेबलावर नऊला खेळ थांबतो. कोणी कितीही हरत असो वा जिंकत असो, घड्याळ कोणाचे तोंड पाहत नाही. शंभर चिंचोके संपले की त्या दिवशी उसने मिळत नाहीत. कोणी रागावला असेल तर त्याने दोन डाव बाहेर बसून चहा करावयाचा, अशी प्रथा आहे, आणि चहा सर्वांनाच मिळत असल्याने ती टिकून आहे! हे नियम आम्ही शांत असताना केलेले आहेत, आणि ते अशांत असलेल्या आमच्यासाठी केलेले आहेत. मनुष्य एकाच दिवसात दोन माणसे असतो. त्यांतील शहाण्याने दुसऱ्यासाठी आधीच व्यवस्था करून ठेवावी, एवढेच त्याच्या हाती असते.

एकाग्रतेविषयीही लोकांचा एक गैरसमज असतो. आपल्या हातातील पानांवर दृष्टी खिळवणे म्हणजे एकाग्रता, असे वाटते. वस्तुतः चांगला खेळाडू बहुतेक डावांत आरंभीच पाने टाकून देतो. ज्याला प्रत्येक डाव खेळावासा वाटतो तो लवकर रिकामा होतो. मग पाने टाकल्यावर तो काय करतो? कच्चा खेळाडू खिडकीबाहेर पाहतो, मोबाइल काढतो, अथवा आपल्या हरण्याची कहाणी शेजाऱ्यास ऐकवतो. पक्का खेळाडू याच वेळी सर्वांत अधिक लक्ष देतो. कोण किती वेळ घेऊन चिंचोके घालतो, कोण हलक्या पानांवर मोठा आव आणतो, कोणास हरणे झोंबते, हे सारे त्याला आता स्वार्थाच्या धुक्याशिवाय दिसत असते. हातात पाने असताना मनुष्य आशेने आंधळा असतो. हात रिकामे असताना त्याला दिसते.

परप्रांतात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मनुष्याची स्थिती काहीशी अशीच असते. येथील निवडणुका, येथील पूजा, येथील भांडणे यांत आपला हात नसतो. आणि तिकडे गावी जे घडते त्यातूनही आपण हळूहळू पाने टाकलेली असतात. या स्थितीचे दोन उपयोग होऊ शकतात. डाव आपला नाही म्हणून खिडकीबाहेर पाहत बदलीच्या हुकुमाची वाट पाहावी, हा एक. डाव आपला नाही म्हणूनच तो नीट पाहावा, येथील माणसांची भाषा आणि मने वाचावीत, हा दुसरा. पहिल्या मार्गाने गेलेले लोक दहा वर्षे एखाद्या शहरात राहून बाजाराचा रस्ता आणि कचेरीचा रस्ता याखेरीज काही न जाणता परततात. त्यांचे चिंचोके शाबूत असतात, हे खरे. पण ते खेळाला बसलेच नव्हते.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. वाचक म्हणेल, ‘शिस्त, एकाग्रता, समत्व हे सारे उत्तम, पण त्यासाठी पत्तेच कशाला? हीच साधना संगीतात करा, अभ्यासात करा. पत्त्यांची वाट शेवटी जुगाराच्या अड्ड्याकडे जाते.’ हा आक्षेप मी हलका मानीत नाही. दोस्तोव्हस्कीचे उदाहरण समोर आहे. मन थंड ठेवले तर रूलेटमध्ये हमखास जिंकता येते, असा त्या थोर लेखकाचा समज होता. या खेळापायी तो वारंवार निष्कांचन झाला आणि कर्जाच्या कचाट्यात सापडून १८६६ साली ‘जुगारी’ ही कादंबरी त्याला अवघ्या काही आठवड्यांत तोंडी सांगून पुरी करावी लागली. त्याचे मन पुरेसे थंड नव्हते असे म्हणणे हा वरवरचा निर्णय होईल. युरोपीय रूलेटच्या चक्रावर घरे सदतीस आणि नेमके घर लागल्यास देणे पस्तीसपट. तेथे हिमालयाइतके थंड मन ठेवले तरी दीर्घकाळात तोटाच आहे. जेथे निर्णयाला वावच नाही तेथे संयम हा सद्गुण ठरत नाही. तो केवळ सावकाश बुडण्याचा प्रकार ठरतो. म्हणून खेळाडूची पहिली शिस्त टेबलावर बसल्यानंतरची नव्हे. कोणत्या टेबलावर बसावयाचे नाही, हे ठरवण्याची आहे.

कायद्यानेही हा भेद ओळखण्याचा प्रयत्न केला आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीविषयीच्या निकालात म्हटले, की तीन पत्तीप्रमाणे हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि हात रचणे यांत कौशल्य लागते. परंतु कौशल्य असले की सारे क्षम्य, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. २०२५ साली संसदेने जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट बंदी घातली. घराघरांत शिरलेल्या कर्जांचे आणि आत्महत्यांचे प्रश्न त्यामागे होते. कौशल्याचा प्रश्न वेगळा आणि माणसे उद्ध्वस्त होण्याचा प्रश्न वेगळा, हेच यातून दिसते. जो कुटुंबाच्या किराण्याचे पैसे लावतो तो गणितात कितीही निष्णात असला, तरी त्याने शिस्त पहिल्याच पायरीवर गमावलेली असते. कारण जे आपले एकट्याचे नाही ते त्याने डावावर लावले आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाचा रोख याहून फारसा निराळा नव्हता.

‘पैसे नसतील तर पोकर हा पोकरच नव्हे,’ असे जाणकार म्हणतात. हरण्याची झळ नसेल तर कोणीही काहीही घालील आणि खेळ पोरखेळ होईल, हा त्यांचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच चिंचोक्यांचा खेळ मला अधिक कठीण वाटतो. पैशाच्या भीतीने सावध राहणे हे भीतीचे काम. ज्याला बाजारात कवडीची किंमत नाही अशा चिंचोक्यासाठी सावध राहणे हे निष्ठेचे काम. जे काम कोणी तपासणार नाही तेही नीट करणे, जे टिपण कदाचित कोणी वाचणार नाही तेही स्वच्छ लिहिणे, ही वृत्ती याच जातीची आहे. आमच्या नोकरीतील बरेचसे काम असेच चिंचोक्यांचे असते. ते मोलाचे करावयाचे की मातीमोल, हे करणाऱ्यावरच अवलंबून असते.

राहिला आणखी एक प्रश्न. २०१७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ‘लिब्रेटस’ नावाच्या संगणक-प्रणालीने चार निष्णात व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवस पोकर खेळून एक लाख वीस हजार डावांच्या अखेरीस त्यांचा पराभव केला. हे यंत्र कधी रागावले नाही, कधी कंटाळले नाही, गेलेले परत मिळवण्यासाठी कधी धावले नाही. मग शिस्तीचा आदर्श म्हणून आपण त्याला नमस्कार करावा काय? मला तसे वाटत नाही. ज्याला तोल जाण्याचे भय नाही त्याच्या तोलाला आपण अचूकता म्हणू. संयम म्हणणार नाही. ॲरिस्टॉटलने मोहाशी झगडून जिंकणारा आणि ज्याला मोहच होत नाही असा, या दोघांत भेद केला आणि दुसऱ्यास श्रेष्ठ ठरवले. पण त्याचा तो दुसरा मनुष्यही सवयीने, वर्षानुवर्षांच्या आचरणाने तसा झालेला असतो. यंत्राला हा प्रवास नाही. आमच्या मित्राने हरलेला डाव वहीत लिहून शांतपणे पुढची पाने उचलली, यात जे मोल आहे ते त्या पानांचे नव्हे, मध्ये गिळलेल्या रागाचे आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. खेळातील शिस्त हा स्वयंभू सद्गुण नव्हे. ती कशासाठी राबते, कोणाचे काय डावावर लावते आणि कोठे थांबते, यावर तिचे मोल ठरते. लोभाच्या सेवेस लावलेली एकाग्रता ही शिकाऱ्याची एकाग्रता होय. पण आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याचा विवेक जर या खेळाने दृढ होत असेल, तर शनिवारची ती तीन तासांची शाळा अगदीच वाया जात नाही.

महाभारतानेच याची एक सुंदर साक्ष ठेवली आहे. फाशांच्या नादात राज्य घालवलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्णाने वाटेतील एका बेहड्याच्या झाडाच्या पानांची आणि फळांची संख्या नुसत्या दृष्टीने सांगितली. नलाने रथ थांबवून, झाड तोडून मोजणी केली. संख्या बरोबर निघाली. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे अंतरंग जाणण्याची विद्या दिली. आणि ती मिळताच नलाच्या देहात दडलेला कली बाहेर पडला. वेदकाळी फासे म्हणून याच झाडाची फळे वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथेतील मर्म अधिक उघड होते. पुढे नलाने पुष्कराशी पुन्हा द्यूत मांडले आणि राज्य परत जिंकले. पण कथा तेथे संपत नाही. ज्याने त्याला वनवासी केले त्या भावाला त्याने क्षमा केली आणि त्याचा वाटा त्याला परत देऊन सन्मानाने निरोप दिला.

वनवासातील युधिष्ठिराला बृहदश्व ऋषीने ही कथा सांगितली, आणि शेवटी ती अक्षविद्याही त्याला दिली. धर्मराजाला ऋषीने ‘फासे पुन्हा शिवू नकोस’ एवढाच उपदेश केला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याने आपला पराभव केला त्याचे अंतरंग जाणून घे, असे त्याने सुचवले. नलाला जिंकता आले ते त्या विद्येने. पण जिंकल्यावर हात आवरता आला तो कशाने, हे मात्र कोणताही ऋतुपर्ण रथात बसून शिकवू शकत नाही. ते ज्याचे त्याने, आपापल्या टेबलावर, आपापल्या चिंचोक्यांवर शिकावयाचे असते.